इच्छापोर : आधी पकड, मग पैलू

सुरतेहून हजिऱ्याकडे निघाले की तापीपलीकडे इच्छापोर लागते. गुजरात हिरा बोर्सचे जेम अँड ज्वेलरी पार्क इथलेच. पैलू पाडण्याच्या चाकाला सुरतेत ‘घंटी’ म्हणतात. गोल ब्रिलियंट हिऱ्याला ५७ पैलू. खडा पकडीत तिरका बसला की कोन चुकतो, आणि घासलेला हिरा परत येत नाही.

आपल्या घरी चन्नपट्टणची खेळणी असतीलच. ‘हाले मर’, म्हणजे आपला काळा कुडा, लेथवर फिरतो आणि घर्षणाच्या उष्णतेने त्यावर लाख चढते. लेथवर लाकडी पेन करतानाही हाच धडा. लाकडाच्या तुकड्यात पितळी नळी चिकटवतात. ट्रिमरचा दांडा नळीत घालून टोके काटकोनात छाटतात. नळी रुंद असेल, तर दांड्यावर त्या मापाची स्लीव्ह चढवायची. दांडा डुगडुगला की टोक तिरके होते आणि जोडात फट राहते. पितळ चमकले की थांबायचे. नळीच छाटली गेली तर पेन आखूड होते, रिफिलचे माप बिघडते.

इच्छापोरला गेलात तर मुलांना एवढे जरूर सांगा : वस्तू लाखाची असो वा दहा रुपयांची, हात चालवण्याआधी पकड सरळ हवी.