गॅलरीतून हाक

वीकेंडला लॅपटॉप उघडायचा नाही असं ठरवलं की हमखास मामाचा फोन येतो. परवाच्या शनिवारी सकाळी आठलाच आला. "अरे, काल तू लावून गेलास ते नेट चालू आहे, पण गिऱ्हाइकाचं पोर्टल उघडत नाहीये. टेम्पो भरून उभाय."

मामाचं भोसरीला छोटं मशीन शॉप आहे. माल चाकणला जातो. तिथे पोर्टलवर आगाऊ नोंद केल्याशिवाय गेटवर गाडी आत घेत नाहीत. साडेदहाचा स्लॉट होता. नवी लीज्ड लाइन मी आदल्याच संध्याकाळी फुकटात (म्हणजे मामीच्या थालीपिठावर) जोडून दिली होती.

तेव्हा मामाची तक्रार वेगळीच होती. "आठ पत्त्यांचे पैसे घेतात आणि वापरायला पाचच?" कागदावर लिहिलं होतं २०३.०.११३.८/२९. (खरे आकडे देत नाही, २०३.०.११३ ही रांग उदाहरणांसाठीच राखून ठेवलेली आहे.) पत्ता ३२ बिटांचा, त्यातले पहिले २९ ठरलेले, उरले ३, म्हणून ८ ते १५ असे आठ पत्ते. त्यातला पहिला त्या नेटवर्कचाच, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायला, आणि एक त्यांच्या बाजूच्या राउटरला, म्हणजे गेटवेला. राहिले पाच. मामा म्हणाला, "म्हणजे बिल्ट-अप आणि कार्पेट!" अगदी तस्संच.

असो. सकाळी पोचलो तर गूगल चालू, मेल चालू, बँक चालू. फक्त ते एक पोर्टल बंद. अर्थात दोष पोर्टलचाच! मामाने तिथल्या आयटीवाल्या पोराला फोनवर सणसणीत झापलं आणि मी शेजारी मान डोलावत बसलो होतो. तो बिचारा सांगत होता, बाकी सगळ्या सप्लायरांचं चालू आहे म्हणून.

पावणेअकराला मामी सहज म्हणाली, "माझ्या मोबाइलवर उघडतंय की." हॉटस्पॉट लावून नोंद केली, पण स्लॉट गेला होता. पुढचा सोमवारी.

मग पोटात गोळा आला. फायरवॉलचं एआरपी टेबल उघडलं. पोर्टलचा पत्ता २०३.०.११३.४२ तिथे अर्धवट अवस्थेत लोंबकळत होता. तो तिथे असायलाच नको होता.

झालं असं होतं. मास्कच्या रकान्यात मी २५५.२५५.२५५.० टाकलं होतं. घरच्या राउटरांमुळे बोटांना तेच पाठ. हवं होतं २५५.२५५.२५५.२४८. राउटर मास्क बघूनच ठरवतो की समोरचा आपल्याच वाड्यातला की बाहेरचा. बाहेरचा असेल तर पत्र पोस्टमनकडे, म्हणजे गेटवेकडे. वाड्यातला असेल तर सरळ गॅलरीतून हाक. माझ्या मास्कने ० पासून २५५ पर्यंतचे सगळे आमच्याच वाड्यात आणून बसवले होते. योगायोगाने गिऱ्हाइकाची लाइनही त्याच कंपनीची, पत्ता त्याच रांगेतला. मग काय, आमचा राउटर रात्रभर गॅलरीत उभा राहून "अहो बेचाळीस!" करत होता, आणि बेचाळीस दुसऱ्याच गल्लीत. बाकी सगळं जग वाड्याबाहेरचं, म्हणून व्यवस्थित चालू. अशी चूक लवकर सापडत नाही ती यामुळेच.

आकडा बदलला, पोर्टल क्षणात उघडलं.

मामाला सांगावं की नाही? 'त्यांच्याकडूनच ठीक झालं बहुतेक' असं म्हणून सुटता आलं असतं, वाक्य अगदी जिभेवर होतं. पण त्या पोराचा आवाज आठवत होता. "मामा, चूक माझी होती," म्हटलं. मामा जरा वेळ काहीच बोलला नाही. मग त्याने फोन माझ्यापुढे सरकवला. "नंबर लागलाय. तूच बोल."