रानपिंगळ्याला हाक मारू नकोस

शहादा, १२ जानेवारी

ती. दादा व सौ. वहिनी यांस,


काल रात्री तुमचे फोटो पाहिले आणि झोपच लागेना. पहाटेच्या बसने राजोडी सोडून तुम्ही दोघं तुंगारेश्वरला जाता काय, देवळाच्याही वर चढता काय! वहिनींच्या गुडघ्यांना माझा दंडवत.

आता तुझा प्रश्न. साधा पिंगळा की रानपिंगळा? फोटोत सावली फार आहे, त्यामुळे छातीठोक सांगता येत नाही. पण वहिनी म्हणतात की डोकं बिनठिपक्यांचं होतं, छाती गडद तपकिरी, पोट पांढरं आणि भर उन्हात बसून शेपटी हलवत होता. ही सगळी रानपिंगळ्याची लक्षणं. आपल्या विहिरीवरच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असायचे, आठवतं ना? शिवाय तुंगारेश्वरला रानपिंगळा दिसल्याची नोंद आहे. म्हणजे तुम्हाला तो दिसणं अशक्य नाही.

पण दादा, तू मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढलंस हे वाचलं आणि आनंद जागीच विरला. हे तू करावंस? त्याच्या कानी पडतं ते एवढंच की आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. घरट्याचे दिवस आहेत. तो शिकार टाकून भांडायला येतो, ओरडून दमतो, आणि तिथे दुसरं कुणी नसतंच. लहानपणी नाना आपल्याला चिंचेखाली बसवायचे तेव्हा हूं की चूं करू द्यायचे नाहीत. पिंगळा ढोलीतून आपणहून निघेपर्यंत बसायचं. न निघाला तर घरी जायचं.

पाहिल्याचा हव्यास फार वाईट, दादा. १८८४ नंतर हा पक्षी जणू नाहीसाच झाला होता. मध्ये माइनर्ट्झहागन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने संग्रहालयातला जुना नमुना चोरला, त्यावर १९१४ साल आणि गुजरातेतलं मांडवी अशी खोटी चिठ्ठी लावली आणि आपल्या नावावर खपवला. त्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून लोक नको तिथे शोधत राहिले. पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडी पाडली, मग जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर त्या सहकाऱ्यांसह निघाल्या, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात रानपिंगळा सापडला तो इथेच, आमच्या शहाद्याजवळच्या रानात. ११३ वर्षांनी! म्हणून सांगतो, वहीत ‘बहुधा रानपिंगळा’ एवढंच लिही. आणि ते झाड नेमकं कुठलं हे गावाच्या ग्रुपवर मुळीच टाकू नकोस. पुढच्याच रविवारी तिथे मोबाईल घेऊन जत्रा भरेल.

आणि अंधार पडल्यावर उतरलात? वहिनी ओढ्यावर एकट्या गेल्या होत्या? २०२४ मध्ये वसईच्या किल्ल्यात बिबट्या शिरला तेव्हा पोरांना संध्याकाळी बाहेर सोडू नका म्हणून तूच घरोघरी सांगत फिरलास. तुंगारेश्वरचं रान तर बिबट्याचं घरच. तुला साखरेचा त्रास, वर फोनला रेंज नाही. ओढ्यातल्या शेवाळावरून पाय घसरला तर कोण येणार?

पुन्हा जाणार असालच, तर माहितगार माणूस बरोबर घ्या, खिशात गूळ-शेंगदाणे ठेव, चारच्या आत फाट्यावर या आणि तिथूनच मला फोन करा. मोबाईलमधला तो आवाज मात्र आजच पुसून टाक. पुसलास की वहिनींकडून कळव. तुझ्या एकट्याच्या शब्दावर या बाबतीत मी राहणार नाही.

तुझा,
बाळू