दोन तळ्यांमधला राजवाडा

भिलाईला निघाले म्हटलं की लोक हमखास विचारतात, "तिथं पाहायला काय आहे?" प्रश्न अगदीच चुकीचा नाही. 1955 मध्ये सोव्हिएत रशियाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याच्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं आणि भाताच्या शेतांमध्ये एक आखीव शहर उभं राहिलं. तिथल्या वस्त्यांना सेक्टर म्हणतात आणि सेक्टरला नाव नसतं, नंबर असतो. अशा गावात जुना वाडा शोधायला जाऊ नये.

मी मात्र वाडा पाहायला नाही, मामांचं सामान आवरायला गेले होते. मामा 1971 मध्ये यवतमाळहून नोकरीसाठी भिलाईला आले. कारखान्यातूनच निवृत्त झाले, तिथंच घर बांधलं. आता गुडघे कुरकुरतात, मुलगा पुण्यात आहे, तो म्हणतो, "किती दिवस तिकडे एकटे राहणार?" घराला गिऱ्हाईकही आलेलं. मामी भांड्यांची वाटणी करत होत्या आणि मी पुस्तकांची खोकी भरत होते. त्यात शरच्चंद्र मुक्तिबोधांचा 'नवी मळवाट' हा कवितासंग्रह निघाला. मामांनी तो हातात घेतला आणि खोक्यात काही टाकेनात.

"यांचा थोरला भाऊ इथंच होता, राजनांदगावले. राजवाड्यात राहत होता. पन्नास वर्षं झाली मले इथं येऊन, एकदाही गेलो नाही."

"दरवर्षी डोंगरगडला बम्लेश्वरीच्या दर्शनाला जातो की आपण," मामी आतून म्हणाल्या. "वाटेतच तर लागतं. कधी उतरलात का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही उतरलो.

दुर्गहून नागपूरकडे जाणारी गाडी धरली की शिवनाथ नदीचा पूल लागतो आणि तीसेक किलोमीटरवर राजनांदगाव येतं. गावात राणीसागर आणि बूढासागर ही दोन तळी आहेत. त्यांच्या शेजारात जुना राजवाडा उभा आहे. राजवाडा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे हंड्या-झुंबरं येतात, भिंतीवर वाघाचं मुंडकं येतं. गोव्यात चांदोरला ब्रागांझा कुटुंबाचा वाडा मी पाहिला आहे. तिथं घरचीच माणसं आपल्याला दालनांतून फिरवतात, पणजोबांची खुर्ची दाखवतात आणि निघताना आपण देखभालीसाठी काहीतरी देतो. इथं तसलं काही नाही. इथं दारात सायकली आणि स्कूट्या लागलेल्या असतात, कारण या राजवाड्यात कॉलेज भरतं. शासकीय दिग्विजय महाविद्यालय.

हे संस्थानही जरा वेगळंच. इथले राजे बैरागी पंथाचे महंत. गादी बापाकडून मुलाकडे जायची नाही, गुरूकडून शिष्याकडे जायची. हा सगळा मुलूख तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. पुढे इंग्रज आले आणि 1865 मध्ये त्यांनी महंत घासीदास यांना संस्थानिक म्हणून मान्यता दिली. या घासीदासांनी 1875 मध्ये रायपूरला वस्तुसंग्रहालय उभं केलं, ते आजही त्यांच्याच नावानं चालतं. 1890 च्या दशकात गावात कापडगिरणी आली, तीच पुढे बंगाल नागपूर कॉटन मिल म्हणून प्रसिद्ध झाली. 1920 मध्ये ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या पुढारीपणाखाली तिथल्या कामगारांनी महिन्याहून अधिक काळ संप केला. तेव्हा गांधीजींच्या असहकाराच्या चळवळीचं वारं नुकतंच वाहू लागलं होतं. आता ती गिरणी बंद आहे.

शेवटचे राजे महंत दिग्विजयदास. संस्थान विलीन झालं आणि त्यांनी राहता राजवाडा कॉलेजला दिला. 1957 मध्ये कॉलेज सुरू झालं आणि 1958 मध्ये, तरुण वयातच, ते वारले. राजवाडे विकणारे किंवा त्यांची हॉटेलं करणारे संस्थानिक आपण पुष्कळ पाहिले. मुलांच्या शिक्षणासाठी घर सोडणारे थोडेच.

त्याच 1958 मध्ये नागपूरहून एक प्राध्यापक इथं आले. वय चाळीस, घरात बायको-मुलं, डोक्यावर कर्ज. त्यांचं नाव गजानन माधव मुक्तिबोध. आपल्याकडे शरच्चंद्र मुक्तिबोधांना ओळखणारे वाचक पुष्कळ, पण त्यांचे थोरले बंधू हिंदीतले एवढे मोठे कवी, हे अनेकांना ठाऊक नसतं. पणजोबा जळगाव सोडून ग्वाल्हेर संस्थानात गेले. वडील तिकडे पोलिस खात्यात. गजाननरावांचा जन्म 13 नोव्हेंबर 1917 चा, श्योपूरचा. घरात बोलणं मराठी, शाळा हिंदी. एका भावानं हिंदीत लिहिलं, दुसऱ्यानं मराठीत, आणि धाकट्याला 1979 चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं.

राजवाड्याच्या मागच्या अंगाला, वरच्या मजल्यावर मुक्तिबोधांना राहायला जागा मिळाली होती. आज तिथं संग्रहालय आहे. राजनांदगावशी नातं असलेले आणखी दोन साहित्यिक, 'सरस्वती' मासिकाचे संपादक पदुमलाल पुन्नालाल बक्षी आणि बलदेवप्रसाद मिश्र, यांच्याही आठवणी इथं जपल्या आहेत. तिघांचे म्हणून या जागेला 'त्रिवेणी' म्हणतात. बाहेर तिघांचे पुतळे आहेत. वर हस्तलिखितं आहेत, छायाचित्रं आहेत. बिडी ओढणाऱ्या मुक्तिबोधांचा तो गाल बसलेला चेहरा एकदा पाहिला की विसरत नाही.

पण खरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे तिथला जिना. चक्करदार, गोल फिरत वर जाणारा. हिंदीचे अभ्यासक हा जिना आवर्जून पाहायला येतात. 'अंधेरे में' ही त्यांची गाजलेली दीर्घ कविता 1957 ते 1962 या काळात लिहिली गेली असं मानतात, म्हणजे त्यातली बहुतेक वर्षं राजनांदगावची. अंधाऱ्या खोल्या, जिने, कुणाची तरी पावलं यांनी ती कविता भरलेली आहे. कवितेतला जिना हाच, असं कुणी छातीठोक सांगू नये. पण रात्री दिवा घेऊन इथून वर जाणाऱ्या माणसाला निराळ्या कल्पना सुचल्या असत्या तरच नवल.

मी मामांना खालीच थांबा म्हटलं. "गप गं," म्हणाले आणि भिंतीला हात लावत एकेक पायरी चढले. मामी मागून धरायला तयार. वर आल्यावर ते संग्रहालय पाहायचं सोडून खिडकीशी गेले. खाली तळ्याचं पाणी.

"एवढं सुंदर पाणी समोर, आणि माणूस झोपत नव्हता म्हणतात."

झोप येण्यासारखे दिवस नव्हतेच ते. शाळेसाठी त्यांनी लिहिलेल्या 'भारत : इतिहास और संस्कृति' या पुस्तकावर 1962 मध्ये मध्य प्रदेश सरकारनं बंदी घातली. कर्ज फेडायची आशा त्या पुस्तकावर होती, शिवाय अपमान वेगळा. 1964 च्या सुरुवातीला पक्षाघाताचा झटका आला. आधी भोपाळला, मग दिल्लीला नेलं. 11 सप्टेंबर 1964 ला, सत्तेचाळीस पुरी व्हायच्या आत, ते गेले. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला कवितासंग्रह त्याच वर्षी आला, तो त्यांना हातात धरून पाहता आला नाही.

मामी बराच वेळ त्या खोल्या पाहत होत्या. "एवढ्या जागेत तिनं संसार केला," म्हणाल्या. "कविता त्यांची. पाणी वर कुणी चढवलं, ते नाही लिहिलेलं कुठं." शांताबाई मुक्तिबोधांविषयी तिथं आणखी काही असायला हवं होतं, असं मलाही वाटलं.

खाली आलो तेव्हा कॉलेजच्या दोन मुली कट्ट्यावर डबा खात होत्या. आमचं मराठी ऐकून त्यातली एक उठून आली.

"आप लोग मुक्तिबोध जी के परिवार से हैं क्या?"

मामा जरा गोंधळले. मग हसले. "नहीं बेटा, हम भिलाई के हैं."

परतीच्या गाडीत पुण्याहून फोन आला. सामान न्यायला ट्रक कधी पाठवू, असं मुलगा विचारत होता. मामांनी फोन मामींकडे दिला, मामींनी माझ्याकडे. 'नवी मळवाट' मामांच्या पिशवीत होतं. ते खोक्यात गेलं नाही, एवढं मी पाहिलं.

तुम्ही गेलात तर हिवाळ्यात जा, उन्हाळ्यात इथं फार तापतं. मुंबई-हावडा मार्गावरच्या बऱ्याच गाड्या राजनांदगावला थांबतात. रविवार टाळा, कॉलेज भरलेलं असताना या राजवाड्याला खरी शोभा येते. आणि डोंगरगडला जाणार असाल, तर वाटेत उतरा.