'किल्ला' पाहिल्यावर

ज्या कृतीची चारचौघांनी मुक्तकंठाने स्तुती केली, ती पाहून आपले समाधान झाले नाही असे म्हणणे, म्हणजे पंक्तीत बसून आमटीत मीठ कमी असल्याचे यजमानास सांगण्याइतके अवघड असते. तरी आम्हांस हा अप्रिय प्रसंग पत्करणे भाग आहे. गेल्या सत्रात इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांबरोबर शाळेच्या सभागृहात, खिडक्यांस काळे पडदे लावून, आम्ही 'किल्ला' हा चित्रपट पाहिला आणि दिवे लागले तेव्हा आमची घोर निराशा झालेली होती.

श्री. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटास 2014 च्या फेब्रुवारीत बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय महोत्सवात, मुलांच्या विभागात, 'क्रिस्टल बेअर' म्हणजे स्फटिकाचे अस्वल हे पारितोषिक मिळाले. पुढे राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला व 2015 च्या जूनमध्ये प्रदर्शित झाला. तेव्हा तो पाहण्याचा योग आला नाही. मध्यंतरीच्या वर्षांत मात्र त्याची वाखाणणी कानांवर इतकी पडली की, न पाहिलेल्या चित्रपटाभोवती आम्ही मनात आमचाच एक चित्रपट रचून ठेवला होता.

त्यात नावानेही भर घातली. भुईगावच्या मुलांस किल्ला ही नवलाची वस्तू नव्हे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेला वसईचा किल्ला येथून सायकलीच्या टप्प्यात आहे. त्याच्या छप्पर उडालेल्या देवळांत लग्न ठरलेली जोडपी छायाचित्रे काढवून घेतात आणि सुटीच्या दिवशी आमची मुले घरी न सांगता तेथे जाऊन येतात. समुद्र आहे, सुरूची बने आहेत, किल्ला आहे. हा तर आपल्याच मुलांचा चित्रपट, असे आम्ही धरून चाललो होतो.

कथा थोडक्यात अशी. चिन्मय हा अकरा वर्षांचा मुलगा. वडील वारलेले, आई सरकारी नोकरीत. तिची बदली होते आणि पुण्यात वाढलेला हा हुशार मुलगा कोकणातील समुद्रकाठच्या गावी येऊन पडतो. वात्रट बंड्या व त्याची टोळी त्याचे मित्र होतात. एके दिवशी सायकलींची शर्यत लावून सर्वजण किल्ल्यावर जातात, मुसळधार पाऊस कोसळतो, मुले पांगतात. आणि चिन्मय आडोशातून बाहेर येऊन हाका मारतो तेव्हा बाकीचे त्याला सोडून निघून गेलेले असतात. तिकडे कचेरीतील एका प्रकरणात आई अडचणीत येते. गावात जीव रमू लागतो न लागतो तोच पुन्हा बदली.

आमचे आक्षेप त्याच रात्री आम्ही वहीत लिहून काढले. पहिला पावसाविषयी. दिग्दर्शक स्वतःच छायालेखक असल्याने प्रत्येक चित्र असे न्हाऊनमाखून उभे राहते की, दुःखसुद्धा देखणे दिसते. पानवेलींच्या मुळाशी पाणी तुंबले की ज्यांच्या घरी रात्रभर झोप नसते, 2018 च्या जुलैत ज्यांनी सारी वसई पाण्याखाली पाहिली, त्या आम्हांस पावसाचे हे एकच रूप अपुरे वाटले. दुसरा आईविषयी. सौ. अमृता सुभाष यांनी ती इतक्या संयमाने रंगविली आहे की, तिच्या कचेरीतील गोष्ट अधिक सांगावयास हवी होती. ती मुलाच्या गोष्टीखाली दबून राहते. हा आक्षेप आजही आमच्याकडून मागे घेतला जाणार नाही.

तिसरा आक्षेप मात्र आम्हांस सर्वांत जोरदार वाटत होता. या मुलाच्या मनात काय चालले आहे हे ओळखून त्याला जवळ करील असा एकही शिक्षक चित्रपटात नाही! शाळा आहे, फळा आहे, बाके आहेत. पण मुलगा आपली गाठ एकट्यानेच सोडवितो, किंबहुना न सोडविताच पुढल्या गावी जातो. वीस वर्षे खडू हाती धरलेल्या मनुष्यास हे लागणारच. असल्या चित्रपटास पारितोषिक देणारे परीक्षक तरी कोण, त्यांच्याशी मनातल्या मनात दोन हात करावे, म्हणून आम्ही चौकशी केली. तो कळले की त्या विभागातील स्फटिकाचे अस्वल देणारे परीक्षक 11 ते 14 वर्षांची मुले असतात. आता भांडावयाचे कोणाशी?

दुसऱ्या दिवशी वर्गास दहा ओळींत अभिप्राय लिहावयास सांगितला. बहुतेकांनी बंड्याचे गुण गाइले. घरी सामवेदी बोलणाऱ्या एका मुलीने, 'सर, मुले सायकलीवरून उतरून एकदा तरी घरी काम करताना दाखवायला हवी होती,' असे लिहिले, ते वाचून आमच्या पहिल्या आक्षेपास एक साथीदार मिळाल्याचा आनंद झाला. शेवटची वही हाती आली तिच्यात दोनच ओळी होत्या. लिहिणाऱ्याच्या अनुमतीने, पण नाव न घालता, त्या येथे देतो: 'चिन्मय पावसामुळे किल्ल्यात एकटा राहिला. पाऊस नसला तरी तसेच वाटते.'

हा मुलगा आदल्या वर्षी, सत्र अर्धे उलटल्यावर, आमच्या वर्गात आला होता. त्याचा दाखला आम्हीच तपासला होता. वर्तणूक, चांगली. प्रगती, समाधानकारक. शाळा सोडण्याचे कारण, वडिलांची बदली. तो वाचून आम्ही हजेरीपटात त्याचे नाव शेवटी घातले आणि शेवटच्या बाकावर, भिंतीकडेला, जी जागा रिकामी होती ती दाखविली. त्यानंतर त्याच्याविषयी कोणाची तक्रार आली नाही, म्हणून त्याच्याकडे पाहण्याचेही कारण पडले नाही. वर्गात दंगा करणारांची आम्हांस कुंडली पाठ असते. हा मुलगा मधल्या सुटीत कोणाबरोबर डबा खातो, हे मात्र त्या दिवशी आम्हांस सांगता आले नसते. पुढे विचारले तेव्हा समजले की बरेच दिवस तो डबा उघडीतच नसे.

चित्रपटात शिक्षक का नाही, या आमच्या प्रश्नाचे उत्तर वहीत होते. वहीतला तो तिसरा आक्षेप आम्ही खोडला नाही, फक्त त्याच्यापुढे तारीख घातली आणि त्या मुलाचा हजेरी क्रमांक लिहिला.

त्याला तिसऱ्या बाकावर आणले तेव्हा तो खूष झाला असे काही दिसले नाही. उलट नवीन शेजाऱ्याशी पहिल्याच आठवड्यात कंपासपेटीवरून त्याचे भांडण झाले, आणि दोघांनाही उभे करावे लागले. ही त्याची आमच्या दप्तरी पहिली तक्रार.

'किल्ला' पाहिल्यापासून वर्गाने एकच हट्ट धरला होता, भर पावसात वसईच्या किल्ल्यावर सायकलींनी जावयाचे. रस्त्यावरील वाहनांची वर्दळ पाहता सायकलींस आम्ही साफ नकार दिला. परिवहन सेवेची बस कबूल केली, तीही पालकांची लेखी संमती आणल्यास. निघण्यापूर्वी कामे वाटली. पाण्याच्या बाटल्या, प्रथमोपचाराची पेटी, रांगेच्या पुढे कोण, मागे कोण. तो मुलगा हात वर करून म्हणाला, "सर, परत येताना डोकी कोण मोजणार?" ते काम आम्ही आमच्याकडे ठेवले.