'हं'चं बटण

आमचा भाचा कारखान्यातल्या टाक्यांना संगणकावर नावं ठेवतो. म्हणजे अक्षरशः! एलटी-१०१ हा म्हणे पाण्याच्या पातळीचा टॅग.

"मामा, ८० टक्क्यांवर गेलं की अलार्म. पण पाणी नेमकं ८०लाच हिंदकळत राहिलं तर नुसता ठणाणा! मग ऑपरेटर न बघताच ॲकनॉलेजचं बटण दाबतो. म्हणून ७८च्या खाली उतरेपर्यंत अलार्म एकच धरायचा."

ते बटण माझ्याकडेही आहे. त्याला 'हं' म्हणतात. आई गुडघ्यापासून गवळ्यापर्यंत सगळं एकाच सुरात सांगते. मी पेपरामागून दाबतो. परवा 'छातीत दुखतंय'लाही दाबलं होतं, ते तिथंच आठवलं.

एरवी बसनं जाणारा मी, रिक्षानं घर गाठलं. "आई, छातीत अजून दुखतंय?"

तिनं घाईघाईनं कपाळाला हात लावला. माझ्या.