एकाच गाण्याची दोन घरे

ब्रुकलिनच्या ‘बिग थीफ’ या बँडचे संगीत जो जिव्हाळ्याने ऐकतो, त्याला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच की, अमुक एक गाणे नेमके कोणाचे : ते लिहिणाऱ्या एड्रियन लेंकरचे, की त्याला देह देणाऱ्या बक मीक, मॅक्स ओलेआर्चिक आणि जेम्स क्रिव्हचेनिया या तिघांचे? ‘फ्रॉम’ आणि ‘टर्मिनल पॅरडाइझ’ ही दोन गाणी लेंकरने २०१८ साली ‘अ‍ॅबिसकिस’ या आपल्या स्वतंत्र अल्बममध्ये गायिली, आणि पुढल्याच वर्षी तीच गाणी बँडच्या ‘यू.एफ.ओ.एफ.’मध्ये पुनश्च अवतरली. जी बंदिश गुरुगृही केवळ तंबोऱ्याच्या आधाराने उलगडते, तीच मैफलीत तबल्याच्या ठेक्याशी बोलू लागली म्हणजे तिचे शब्द तेच राहूनही स्वभाव पालटतो. तसेच या दोन रूपांचे आहे, आणि एकाला अस्सल नि दुसऱ्याला नक्कल ठरविणारा दाखला कोणत्याही दप्तरात सापडावयाचा नाही. पुढे ‘व्हॅम्पायर एम्पायर’ आधी बँडच्या नावावर २०२३ साली आणि मग लेंकरच्या ‘ब्राइट फ्यूचर’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा तर सामाईक मिळकत आणि खासगी मिळकत यांच्यामधली सरहद्दच या मंडळींनी पुसून टाकली.

जागेविषयीची या मंडळींची श्रद्धा मला विशेष मोलाची वाटते. ‘यू.एफ.ओ.एफ.’ वॉशिंग्टन राज्यातील आर्द्र अरण्यप्रदेशात ध्वनिमुद्रित झाला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत टेक्ससमधील एल पासोजवळच्या रखरखीत वाळवंटात ‘टू हँड्स’ साकारला. दोन्ही २०१९ सालीच प्रसिद्ध झाले, पण पहिल्याचे ध्वनी धुक्यासारखे विरघळतात, तर दुसऱ्यातील ‘नॉट’ या गाण्याच्या अखेरीस लेंकरची विद्युत-गिटार उन्हात तापलेल्या धातूप्रमाणे करकरते.

तथापि माझे मन सर्वाधिक रमते ते लेंकरच्या २०२० सालच्या ‘साँग्ज’ या स्वतंत्र अल्बममध्ये. महामारीमुळे बँडचा दौरा अर्ध्यावर थांबला, आणि लेंकर पश्चिम मॅसॅच्युसेट्समधील डोंगराळ भागातल्या एका एकखोली लाकडी घरात राहावयास गेली. त्या खोलीचा अंतर्भाग तिला गिटारीच्या पोटासारखा वाटला, आणि ध्वनिमुद्रक फिलिप वाइनरोब यांच्या साहाय्याने तिने तेथेच फितीवर गाणी उतरविली. नुकत्याच ओसरलेल्या प्रेमाचा शोक त्यांत भरलेला असूनही ती कोठेही आक्रंदत नाहीत. पक्ष्यांचा कलरव आणि पावसाची चाहूल यांना तिने दूर सारले नाही, म्हणूनच तिचा एकान्त निर्जन वाटत नाही. त्याच मुक्कामातून ‘इन्स्ट्रुमेंटल्स’ हा शब्दविरहित अल्बमही निघाला, आणि त्यातील दोनच दीर्घ रचनांनी त्याच्या दोन्ही बाजू भरल्या आहेत.

बक मीक आणि लेंकर हे एकेकाळी पतिपत्नी होते. त्यांची फारकत झाली, पण वाद्यसहवास तुटला नाही, हे मला त्यांच्या कोणत्याही गाण्याइतकेच थोर वाटते. मीकच्या २०२३ सालच्या ‘हॉन्टेड माउंटन’ या स्वतंत्र अल्बममध्ये त्याच्या जन्मप्रांताची, टेक्ससची, ग्रामीण लय आणि किंचित थरथरणारा प्रेमळ स्वर आहे. त्याच्या सौम्य विनयाची ओळख एकदा तेथे झाली की बँडच्या गाण्यांतही तो गिटारीने लेंकरच्या शब्दांना कोठे वाट करून देतो, हे कानाला निराळे कळू लागते. क्रिव्हचेनियाचे एकट्याचे काम बहुतांशी विद्युत-ध्वनींचे आहे. ते मला दुरूनच आवडते, पण २०२२ सालच्या ‘ड्रॅगन न्यू वॉर्म माउंटन आय बिलीव्ह इन यू’ या वीस गाण्यांच्या अल्बमचा निर्माता तोच, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातील विलक्षण ध्वनिवैविध्याचे कारण उमगते.

२०२४ साली ओलेआर्चिक बँडमधून बाहेर पडला. उरलेल्या तिघांनी न्यूयॉर्कमधील ‘पॉवर स्टेशन’ स्टुडिओत अनेक पाहुणे वादक जमवून २०२५ सालचा ‘डबल इन्फिनिटी’ सिद्ध केला. त्यातील ‘ग्रँडमदर’मध्ये ज्येष्ठ संगीतकार लाराजी यांचाही सहभाग आहे. त्या भरगच्च मेळ्यात आनंद आहे, औदार्य आहे. परंतु चौघेच एकमेकांकडे कान देऊन वाजवीत असताना जी निकड उत्पन्न होई, ती मला तेथे क्वचितच आढळते, आणि मॅक्सच्या मितभाषी बासची उणीव तर जवळजवळ प्रत्येक गाण्यात जाणवते.