कांडीची झोप

आमच्या कांडीला शांततेत झोप यायची नाही. लाडापोटी वाढवून सांगतेय असं वाटेल, पण सोलापूरच्या साखर पेठेत ज्यांनी तिला पाहिलंय ते साक्ष देतील. खाली कारखाना, वर आम्ही, असं आमचं घर. कारखाना म्हणजे सहा यंत्रमाग, चादरीचे. धोटा या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो तेव्हा बसणारा दणका सहा मागांचा मिळून एवढा, की वर स्वयंपाकघरात फळीवरची पातेली सरकायची. त्या दणक्यात ही बया भिंतीकडेच्या टोपलीत, सुताच्या रिकाम्या कांड्यांवर, पोट वर करून घोरायची. त्याच टोपलीत ती पिल्लू असताना सापडली होती, म्हणून नाव कांडी.

लाईट गेली की माग थांबायचे आणि हिचे डोळे उघडायचे. भारनियमनाच्या दिवसांत तर तिची झोप वेळापत्रकाप्रमाणे तुटायची. उठून एकेका मागाखालून फिरून यायची आणि मामांसमोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत ओरडायची. मामा म्हणजे माझे सासरे. ते म्हणायचे, "माझ्याकडं काय बघतीस बे? लाईटवाल्यांना जाऊन विचार." हे सुद्धा ओरडूनच. माग बंद असले तरी त्यांचा आवाज खाली यायचा नाही.

हे मला शाळेतही दिसतं. माझा वर्ग दुसरीचा, पोरं बहुतेक पूर्व भागातली. कुणाची आई विड्या वळते, कुणाचे वडील मागावर. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड किंवा हिंदी, वर्गात माझं मराठी. यांतल्या कुणाच्या घरात कारखाना आहे ते ओळखायला मला नाव-गाव बघावं लागत नाही. ती पोरं मोठ्यानं बोलतात. नव्यानं आलेल्या शिक्षिका त्यांना दटावतात, "हळू बोल, मी काय बहिरी आहे का?" मी दटावत नाही. घरात पाणी मागायचं तरी सहा मागांच्या वर आवाज काढावा लागतो, ते पोर शाळेत येऊन कुजबुजणार कसं?

माग विकायचं म्हणणं माझं. सुताचा भाव, विजेचं बिल, पानिपतहून येणारी मऊ आणि स्वस्त ब्लँकेटं. आमच्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा अभिमान आहेच, पण सोलापुरीच्या नावावर भलताच माल खपवणाऱ्याला त्यानं काही फरक पडलेला मी पाहिला नाही. मुलगा पुण्यात नोकरीला, तो मागावर उभा राहणार नव्हता. यांचं म्हणणं नेहमीप्रमाणे "बघू". मग मीच एके रात्री वहीवर जमाखर्च मांडला आणि मामांना समजावला, दुसरीच्या पोराला हातचा समजावते तसा. त्यांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. शेवटी म्हणाले, "गणित बरोबर आहे." बरोबरच होतं ते. आजही मी तेच मांडीन.

2019च्या जानेवारीत, संक्रांतीच्या आधी, माग लोखंडाच्या भावानं गेले. जमिनीत बोल्टांची भोकं राहिली, तेलाचे काळे चौकोन राहिले आणि कोपऱ्यात कांड्या भरायचं यंत्र राहिलं. टेम्पोत जागा उरली नव्हती, भंगारवाला म्हणाला पुढच्या खेपेला नेतो.

12 तारखेला शाळेत नेहमीची धावपळ. टेबलावर जिजाऊ आणि विवेकानंदांच्या तसबिरी असतातच, पण सोलापूरच्या शाळेला त्या दिवशी आपली चार माणसंही आठवायची असतात. 1930च्या मार्शल लॉनंतर, 12 जानेवारी 1931ला येरवड्यात फासावर गेलेली. आमचा माईक बिघडलेला होता. मी माझ्या वर्गातली कारखान्यातली चार पोरं पुढे काढली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. एकेकानं एकेक नाव घेतलं आणि फाटकाबाहेरचा रिक्षावाला वळून बघायला लागला. थंडीनं पोरांच्या नाकातून पाणी, स्वेटरची बाही त्याच कामाला, पण आवाज खणखणीत. घरी आले तर खाली एवढं शांत, की मामांचा श्वास ऐकू येत होता. कांडी रिकाम्या कारखान्यात भोकं हुंगत फिरत होती.

ती रात्रभर फिरली. पुढच्या रात्रीही. किंक्रांतीच्या रात्री होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेचं शोभेचं दारूकाम असतं, त्याचे आवाज आमच्यापर्यंत येतात. गल्लीतली कुत्री गाड्यांखाली शिरली. शेजारच्यांचा पोपट पिंजऱ्यात आपटत होता. आणि आमची कांडी गच्चीच्या पायरीवर, आभाळ फुटत असताना, झोपली! मामा तिच्या शेजारी शाल गुंडाळून बसले होते. त्यांचीही मान कलंडली होती. यांनी मला खुणेनं बोलावून दाखवलं. आम्ही दोघं हसलो.

दारूकाम संपलं आणि ती पुन्हा सुरू झाली. मांजराचं साधं म्याव नव्हे, लहान मूल हरवल्यावर करतं तसा गळा. रात्री कधीतरी मला जाग आली ती खटखटीनं. वाटलं स्वप्न आहे. खाली गेले तर कांड्यांचं यंत्र चालू. त्याला सूत नव्हतं, काही नव्हतं, नुसतंच फिरत होतं. मामा खुर्चीवर.

"मामा, बंद करा. सकाळी शाळा आहे माझी."

"मांजराला झोप नाही गं."

मी शिक्षिकेच्या आवाजात बोलले होते, म्हणून त्यांनी मुकाट्यानं हात काढून घेतले. यंत्राकडे बोट दाखवून म्हणाले, "तूच कर." मी स्टूल ओढून बसले, म्हटलं पाच मिनिटं बघू. कांडी यंत्राखाली गेली, दोनदा गोल फिरली आणि पसरली. मग मामांचा हात शालीतून सुटून लोंबायला लागला. दोघंही घोरत होते. मी उठले, खटका बंद केला.

दोघांनी एकदम डोळे उघडले.

मी खटका पुन्हा चालू केला. वर जाऊन वह्या घेऊन आले आणि पाढे तपासत बसले. सकाळी यांनी विचारलं, बिल किती येईल? मी म्हटलं, मागांच्या बिलापेक्षा कमी. भंगारवाला पुढच्या खेपेला आला तेव्हा त्याला मीच दारातून परत पाठवलं.

2020च्या मार्चनंतर तर सगळा पूर्व भागच गप्प झाला. तेव्हा आमच्या घरातलं ते एक यंत्र तेवढं वाजायचं. शेजाऱ्यांना वाटायचं, चोरून धंदा चालवतात. पुढच्या वर्षी मामा गेले. कांडी राहिली. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी आलं की मोटार लागायची, त्या मोटारीजवळ ती भरपूर झोपून घ्यायची. बाकी रात्री मी यंत्र लावायची. मुलगा फोनवर म्हणायचा, "आई, मांजराला सवय बदलता येते." येत असेल.

या डिसेंबरात ती टोपलीतच गेली. यंत्र चालू होतं, त्यामुळे नेमकी केव्हा ते कळलं नाही.

वर्गाला सांगितलं नव्हतं. पण माझ्या शालीवर केस दिसेनात, तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं. मी सगळं सांगितलं, यंत्रासकट. ती तिच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाली, "मग आमच्याकडं आणून सोडायचं की बाई! आमचे माग रात्रीपण चालतात."

सुट्टीची घंटा झाली म्हणून बरं. मांजर सोडता आलं असतं. मामांना कुणाच्या कारखान्यात सोडणार होते?

त्या आठवड्यात 'माझा आवडता प्राणी' या विषयावर दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. तिनं लिहिलं: बाईंचं मांजर आवाजात झोपायचं. माझा भाऊ पण आवाजात झोपतो. माग बंद झाला की तो रडतो. मग आजी त्याला मागावर थापटल्यासारखी थापटते. बाकी सहा ओळी भावाबद्दलच. मी दहापैकी नऊ गुण दिले. रविवारी मुलगा आला होता, त्यानं वही वाचली आणि माझ्यावर चिडला, एवढ्याला पूर्ण गुण देता येत नाहीत का तुला?

'पूर्ण' त्या मुलीनं वहीवर दोनदा लिहिलाय आणि दोन्ही वेळा उकार ऱ्हस्व दिलाय. एक गुण त्याचा गेला.